हासनप्फ्लूग: ससा नव्हे, नांगर

प्रश्न असा आला आहे: ग्रिम बंधूंच्या परीकथांविषयी वाचताना 'हासनफ्लूग' हे आडनाव भेटलं. कोशात पाहिलं तर 'हाझं' म्हणजे ससा आणि 'फ्लूग' म्हणजे उड्डाण. मग आडनावाचा अर्थ 'सशाची झेप' असा घ्यायचा का? आणि हे आडनाव जर्मनीत सर्रास आढळतं का?

ससा इथे नाहीच, आणि उड्डाणही नाही. या आडनावाचा अर्थ आहे 'नांगराचा तिटकारा कर'. आज्ञार्थी क्रियापद आणि त्याचं कर्म, असं एक अख्खं वाक्यच आडनाव होऊन बसलं आहे. मला हे सशापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ रोमन लेखनात दोन जागा नीट पाहायला हव्यात. पहिली जागा 'स'ची. सशाच्या शब्दात 'एस' हे अक्षर एकदाच येतं. ते दोन स्वरांच्या मध्ये सापडल्यामुळे त्याचा उच्चार आपल्या 'झाड'मधल्या 'झ'च्या जवळ जातो आणि आधीचा 'आ' लांबतो. आडनावात मात्र हे अक्षर दोनदा आहे. ते दोनदा आलं की आधीचा स्वर आखूड आणि 'स' खणखणीत. हा 'हासन' म्हणजे द्वेष करणं, तिटकारा करणं. इंग्रजी 'हेट'चा तो सख्खा भाऊ.

दुसरी जागा 'फ'च्या आधीची. उड्डाणाचा 'फ्लूग' थेट 'एफ'ने सुरू होतो, पण आडनावात त्याच्या आधी 'पी' उभा आहे. प्फ्लूग म्हणजे नांगर. ओठ मिटून 'प' म्हणायचा आणि ओठ सुटता सुटता दात टेकवून 'फ' म्हणायचा, दोन्ही एका दमात. जर्मनीच्या बऱ्याच भागांत रोजच्या बोलण्यात यातला 'प' गळतो आणि नुसता 'फ' उरतो. म्हणजे कानाने ऐकलं तर 'नांगर' आणि 'उड्डाण' तिथेही एकच होतात. शिवाय हे आडनाव एकाच 'एस'ने लिहिणारी घराणीही आहेत. तेव्हा ससा दिसणं यात वाचणाऱ्याची चूक धरता येणार नाही. (सशाचा खरा शब्द 'हाझनप्फेफर' मध्ये आहे. ते सशाच्या मांसाचं एक जुनं मसालेदार कालवण.)

आता मधला 'न'. पूर्ण वाक्य 'हास देन प्फ्लूग' असं होतं. 'देन' हे पुल्लिंगी नामाआधी येणारं, कर्म दाखवणारं उपपद. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी 'देन'मधला 'द' आधीच्या 'स'मध्ये विरला आणि 'हासन' उरलं. हे नुसतं अनुमान नाही, कारण ज्यात 'द' टिकून राहिला असं एक भावंड आजही आहे: 'हासदेनटॉयफल', म्हणजे 'सैतानाचा तिटकारा कर'. दोन्ही नावं शेजारी ठेवली की सांधा डोळ्यांना दिसतो.

अशा आडनावांना जर्मन अभ्यासक 'झात्सनामन' म्हणतात. आपण वाक्यनामं म्हणू. मध्ययुगाच्या उत्तरार्धात त्यांचा मोठा बहर होता, विशेषतः फिरस्त्या लोकांत: गावोगाव काम शोधत जाणारे कारागीर, भाडोत्री शिपाई, गाणी-कवनं म्हणत हिंडणारे. चौदाव्या शतकातला कवी पेटर झूखनविर्ट याचं नाव म्हणजे 'यजमान शोध'. राजदरबारांत आश्रय मागत फिरणाऱ्याला याहून नेमकं नाव कोणतं असणार! 'त्सुकश्वेर्ट' म्हणजे 'तलवार उपस', 'श्लुकेबीअर' म्हणजे 'बीअर ढोस', 'ब्लाइबट्रॉय' म्हणजे 'एकनिष्ठ राहा'. ऑक्टोबर १८५४मध्ये मुंबईला उतरून दख्खन ओलांडत मद्रासला गेलेले आणि पुढे हिमालयात पोचलेले जर्मन संशोधक श्लागिनट्वाइट बंधू, त्यांच्या आडनावातलं 'श्लाग'सुद्धा 'मार, हाण' असं आज्ञार्थीच आहे.

आपल्याकडे 'वाघमारे' आहे, पण त्याची बांधणी वेगळी. तिथे कर्म आधी, क्रिया मागून, आणि अर्थ 'वाघ मारणारा', म्हणजे वर्णन. जर्मन नावात वर्णन नाही, हुकूम आहे. त्याच्या जवळ जातात ते आपले 'धरसोड', 'ऊठबस' यांसारखे शब्द, ज्यांत क्रियापदं आज्ञार्थाच्याच रूपात उभी असतात. फक्त त्यांची आपण आडनावं केली नाहीत.

पण नांगराचा तिटकारा कोणाला, आणि का? हा 'प्फ्लूग' म्हणजे दोन बैलांच्या मागे चालणारं आपलं हलकं औत नव्हे. तो चाकांचा, ओल्या जड मातीची ढेकळं उलथवणारा अवजड नांगर. त्याला बैलांच्या कित्येक जोड्या लागत. त्यातून शेतकऱ्याने आधी जमीनदाराची जमीन वेठीने नांगरून द्यायची, मग आपल्या तुकड्याकडे वळायचं. अशा घरातला एखादा मुलगा औत टाकून धंदा शिकायला किंवा लढायला निघून गेला असेल, तर गावाने त्याला हे नाव ठेवलं असेल किंवा त्याने ते स्वतःच मिरवलं असेल. वाक्यनामांत हे दोन्ही घडे. माझा कौल मिरवण्याच्या बाजूने आहे, कारण 'झूखनविर्ट'सारखी नावं माणसं अभिमानाने लावत असत.

प्रश्न ग्रिम बंधूंपासून सुरू झाला, तर तिकडे वळतो. कासेल शहरातल्या हासनप्फ्लूग घराण्यातल्या मारी, जानेट आणि आमाली या तीन बहिणींनी ग्रिम बंधूंना पुष्कळ कथा सांगितल्या. आईकडून हे घर फ्रान्समधून आलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट लोकांचं, त्यामुळे घरात फ्रेंच वळणाच्या गोष्टी होत्याच. १८१२ साली निघालेल्या पहिल्या खंडातली 'लाल टोपीवाली' जानेटकडून आली, तर शंभर वर्षं झोपलेली राजकन्या मारीकडून. पुढे बराच काळ समज असा होता की ही 'मारी' म्हणजे कुणी म्हातारी मोलकरीण. ती मारी हासनप्फ्लूग होती, हे हाइन्झ र्योलेके या अभ्यासकाने १९७५मध्ये दाखवून दिलं.

या बहिणींचा भाऊ लुडविग. १८२२ साली त्याचं लग्न ग्रिम बंधूंच्या एकुलत्या बहिणीशी, लोटेशी झालं. त्याच वर्षी याकोब ग्रिम यांच्या जर्मन व्याकरणाच्या पहिल्या भागाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात त्यांनी जर्मन व्यंजनं कशी सरकत गेली याचे नियम मांडले. त्यांतल्याच एका टप्प्यात दक्षिणेकडच्या जर्मनमध्ये 'प'चा 'प्फ' झाला: इंग्रजी 'प्लाउ' तर जर्मन 'प्फ्लूग', 'ॲपल' तर 'आप्फल', 'पेपर' तर 'प्फेफर'. (हा शेवटचा शब्द ग्रीक-लॅटिनमार्गे थेट आपल्या 'पिप्पली'पर्यंत, म्हणजे पिंपळीपर्यंत पोचतो.) बहीण ज्या घरात गेली त्या घराच्या आडनावातच भावाच्या नियमाचा पुरावा होता. हा योगायोग वाचला तेव्हा मी बराच वेळ पुस्तक तसंच उघडं ठेवून बसलो होतो.

लुडविग पुढे हेसन संस्थानाचा मंत्री झाला. लोकप्रतिनिधींच्या सभेशी तो सतत भांडला आणि विरोधकांनी त्याच्या आडनावाचं 'हेसन-फ्लूख' करून टाकलं, म्हणजे 'हेसनचा शाप'. स्वर जरा हलवला, शेवटचं व्यंजन बदललं, की नांगराचा शाप झाला.

आता प्रमाणाविषयी. हे आडनाव दुर्मिळच आहे. म्युलर, श्मिट, श्नायडर ही आडनावं जर्मनीत गल्लोगल्ली सापडतात, कारण प्रत्येक गावाला पीठगिरणीवाला, लोहार आणि शिंपी लागत होता. वाक्यनाम पडतं ते एका माणसाच्या स्वभावावरून. त्याच्या मुलांनी ते पुढे लावलं तरच ते टिकणार, आणि टिकलं तरी त्या एका वेलीपुरतंच वाढणार.

देवनागरीत लिहायचं तर मी 'हासनप्फ्लूग' लिहीन. उच्चारात शेवटचा 'ग' जर्मन माणूस 'क'कडे झुकवतो. तो लेखनात तसा दाखवला नाही तरी बिघडत नाही. 'प्फ' मात्र सोडू नका, नाहीतर नांगर जातो आणि ससा पुन्हा उडी मारून आत येतो.