मे महिन्यात पेन कुठे ठेवायचं?

प्रश्न : मी भुसावळची. वजन कमी करण्यासाठी डॉक्टरांनी मौंजारो या इंजेक्शनचं क्विकपेन (औषध भरलेलं, सुई लावून टोचायचं पेन) दिलंय. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यात वीज चार-चार तास गायब. औषध खराब तर होणार नाही ना?

उत्तर : ताई, न वापरलेलं पेन खोक्यासकट फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवा. दारात नको. सिंगल डोअर फ्रिज असेल तर बर्फाच्या खणाखालचा ट्रे मुळीच नको. तिथे औषध गोठू शकतं. गोठलेलं पेन वितळून पहिल्यासारखं दिसलं, तरी टाकूनच द्यायचं. कितीही महाग असो.

वापरायला काढलेलं पेन ३० अंशांखाली ३० दिवस चालतं. पण आपल्याकडे उन्हाळ्यात कपाटातही ३० अंश कुठले? म्हणून तेही फ्रिजमध्येच ठेवा. सुई दर वेळी काढा, नाहीतर औषध गळतं, आत हवा शिरते.

वीज गेली की फ्रिज सारखा उघडू नका. आत साधा थर्मामीटर ठेवा, म्हणजे अंदाजावर राहावं लागणार नाही. पारा ८ च्या वर सरकू लागला तर पेन आईस बॉक्समध्ये हलवा. बर्फ आणि पेन यांच्यामध्ये जाड टॉवेल हवाच. जळगावहून औषध आणतानाही हीच पद्धत. स्कूटरच्या डिकीत मात्र पाच मिनिटंही नको.