पंधरा जिंकल्या, दोन हरल्या आणि तरी जानेवारीतच घरी!

जानेवारीच्या अंकात डेट्रॉइट लायन्सवर, म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फुटबॉल टीमवर, अर्धं पान लिहिलं होतं, तेव्हा वाटलं पुण्यात हे कोण वाचणार, क्रिकेट सोडून. पण पत्रं आली की! निम्म्या घरांतली मुलं तिकडे आहेत म्हणा. अमेरिकन फुटबॉलचा 2024 चा सीझन आपल्याकडे 10 फेब्रुवारी 2025 ला सकाळी संपला, फायनलमध्ये, म्हणजे सुपर बोलमध्ये, फिलाडेल्फिया ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना 40-22 असं धुतलं, पण तुमचे सगळे प्रश्न लायन्सबद्दलच, तर तेच घेऊ.

मुलगा मिशिगनमध्ये आहे, त्याच्या नादाने मीही रात्री जागून मॅच बघतो. 17 पैकी 15 जिंकलेली टीम एका मॅचमध्ये बाहेर? हा कुठला न्याय? (एक काका, कोथरूड)

काका, न्याय वगैरे काही नाही, फॉरमॅटच तसा आहे. आपल्या आयपीएलमध्ये पहिल्या दोन टीमना क्वालिफायर हरल्यावर अजून एक चान्स मिळतो ना, तसलं लाडावणं इथे नाही. 32 टीम, 16-16 चे दोन गट, प्रत्येक गटातून 7 प्लेऑफला, आणि तिथून पुढे हरला की बॅग भरा. पहिल्या नंबरच्या टीमला मिळतं काय, तर एक आठवडा सुट्टी आणि गटातल्या मॅच घरच्या मैदानावर. ह्या पहिल्या नंबरसाठी लायन्सनी शेवटच्या आठवड्यात मिनेसोटा वायकिंग्जना 31-9 हरवलं, दोघंही तोवर 14-2 (14 जिंकलेल्या, 2 हरलेल्या) होते, जाहमिर गिब्जने त्या एका रात्रीत चार टचडाऊन मारले, म्हणजे चारदा बॉल समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला. आणि मग 19 जानेवारी 2025 ला, आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला, वॉशिंग्टनने येऊन 45-31 हरवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, जॅरेड गॉफचे तीन पास समोरच्यांनी झेलले, एकदा त्याच्या हातातून बॉल गेला, आणि कहर म्हणजे जेमसन विल्यम्स, जो एरवी पास झेलणारा गडी, त्याला ट्रिक प्ले म्हणून पास फेकायला दिला तर तोही समोरच्यांनीच पकडला. पाच वेळा बॉल असा फुकट दिल्यावर कुठलीही टीम हरणार.

गंमत बघा, सीझनमधल्या त्यांच्या दोन हारी, टँपा बे आणि बफेलोकडून, त्याही घरीच झाल्या होत्या. बाहेरच्या आठच्या आठ मॅच जिंकले! घरच्या मैदानाच्या फायद्यासाठी एवढा आटापिटा केला आणि तिसऱ्यांदाही घरीच आपटले.

आयपीएलवाले दोन महिन्यांत 14 मॅच खेळतात, हे चार महिन्यांत 17. एवढे नाजूक आहेत का? (औंध)

नाजूक नाही हो, सव्वाशे किलोचा माणूस पळत येऊन धडकतो आणि हे एका मॅचमध्ये शेकडो वेळा कुणा ना कुणाला होत असतं, म्हणून आठवड्यात साधारण एकच मॅच. लायन्सचंच बघा. एडन हचिन्सन, मिशिगनचाच पोरगा, त्याने पहिल्या पाच मॅचमध्ये साडेसात सॅक केले होते. सॅक म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला पास टाकायच्या आधीच मागच्या मागे लोळवायचं. पाचवी मॅच डॅलसला, 13 ऑक्टोबर, लायन्स आरामात जिंकतायत (शेवट 47-9), आणि एका सॅकमध्येच ह्याचा पाय दुसऱ्या खेळाडूच्या पायावर आपटला, नडगीची दोन्ही हाडं मोडली, संपला सीझन. त्यानंतर डिफेन्समधले एकेक जण जखमींच्या यादीत जात राहिले. त्यामुळे माझं मत विचाराल तर लायन्स जानेवारीत हरले असले तरी त्याची सुरुवात त्या ऑक्टोबरमध्येच झाली होती. गॉफला शिव्या घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, 45 पॉइंट काही त्याने एकट्याने दिले नाहीत.

2024 च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध हातातली मॅच त्या कोचने घालवली. तरी त्याला ठेवलाय कसा? (एक संतप्त वाचक, सदाशिव पेठ)

पेठेतून पत्र आलं म्हणजे कुणाला तरी काढा असंच असणार! नवीन वाचकांसाठी आधी थोडं सांगते. दहा यार्ड पुढे जायला चार चान्स मिळतात, एकेक चान्स म्हणजे डाऊन. तीनात जमलं नाही तर चौथ्याला शहाणी माणसं किक मारतात, गोल जवळ असेल तर फील्ड गोलचे तीन पॉइंट घ्यायचे, लांब असेल तर बॉल दूर टोलवून द्यायचा. लायन्सचा कोच डॅन कॅम्पबेल मात्र चौथ्यालाही भिडतो. त्या मॅचमध्ये हाफटाइमला 24-7 पुढे होते, मग 24-10 असताना चौथ्या डाऊनला दोनच यार्ड हवे होते, किक न मारता पास टाकला, जॉश रेनॉल्ड्सच्या हातातून सुटला. पुढे 27-24 असे मागे पडल्यावर फील्ड गोल मारून बरोबरी करता आली असती, पुन्हा भिडले, पुन्हा फसले. शेवट 34-31, सुपर बोल हुकला.

पण काका (की काकू?), ह्याच माणसाने 2021 ला टीम घेतली तेव्हा पहिल्या वर्षी फक्त तीन मॅच जिंकल्या होत्या. पुढच्या वर्षी सुरुवात 1-6 आणि शेवट 9-8. त्याच्या पुढच्या वर्षी 12-5, 1993 नंतर पहिल्यांदा डिव्हिजन, म्हणजे त्यांचा चार टीमचा छोटा गट, जिंकली. हे सगळं चौथ्या डाऊनला भिडत भिडतच झालंय. तो पास झेलला गेला असता तर तुम्हीच त्याला वाघ म्हणाला असता. रेनॉल्ड्सचा पास मला अजूनही बरोबर वाटतो, दुसऱ्या वेळी मात्र किक मारायला हवी होती, एवढं तुमचं मान्य.

2008 मध्ये 16 पैकी 16 हरलेली टीम बंद कशी नाही पडली? खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत का? (कर्वेनगर)

नाही ढकलत, उलट बक्षीस देतात! तिथे दरवर्षी कॉलेजमधले खेळाडू ड्राफ्टमध्ये वाटले जातात आणि जो सगळ्यात तळाला त्याचा नंबर पहिला. वर सॅलरी कॅप, म्हणजे 2024 ला प्रत्येक टीमला खेळाडूंच्या पगारावर सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलरची मर्यादा होती, त्यामुळे श्रीमंत मालकाने सगळे स्टार घेऊन टाकलेत असं होत नाही. त्या 0-16 नंतर लायन्सना क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड मिळाला. बारा सीझन तिथे राबला, प्लेऑफची एकही मॅच जिंकता आली नाही, मग 2021 ला त्याला लॉस एंजेलिस रॅम्सकडे देऊन बदल्यात गॉफ आणि ड्राफ्टमधले नंबर घेतले. स्टॅफर्ड तिकडे गेला आणि त्याच सीझनला सुपर बोल जिंकला, डेट्रॉइटवाल्यांना काय वाटलं असेल! पण 2024 च्या जानेवारीत तोच स्टॅफर्ड रॅम्स घेऊन डेट्रॉइटला आला आणि लायन्स 24-23 जिंकले, तब्बल 32 वर्षांनी प्लेऑफमधला विजय.

आता हचिन्सन कसा मिळाला, तर 2021 च्या त्या तीन विजयांमुळे, ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर. आणि 2025 च्या जानेवारीत ज्या वॉशिंग्टनने घरी येऊन मारलं ते आदल्या सीझनला 4-13 होते, त्यांनाही दुसरा नंबर मिळाला, त्यात त्यांनी क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स घेतला, आणि पहिल्याच वर्षी त्या पोराने लायन्सविरुद्ध एकही पास समोरच्यांच्या हातात दिला नाही. म्हणजे ज्या शिडीने लायन्स वर आले त्याच शिडीने एक मागून आला आणि ह्यांना ढकलून गेला. पुढच्या मॅचमध्ये ईगल्सनी त्यालाही 55-23 झोडपलं, ते वेगळं.

पुण्यात कधी असली टीम होती का? आणि पुढचा सीझन कधी? (कॉलेजवाला, विमाननगर)

होती रे! 2012 ला एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली त्यात पुणे मराठाज नावाची टीम होती, लीग फार काळ चालली नाही. पुढचा सीझन सप्टेंबरमध्ये. रविवारच्या पहिल्या मॅच आपल्याकडे रात्री साडेदहाला, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. लायन्सचे दोन्ही कोऑर्डिनेटर (आक्रमण आणि बचाव सांभाळणारे कोच), बेन जॉन्सन शिकागोला आणि एरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सला, 2025 ला हेड कोच म्हणून गेले. शिकागो त्यांच्याच डिव्हिजनमध्ये, वर्षातून दोनदा गाठ आहे, त्या दोन मॅच चुकवू नकोस.