पोरगी २:३ आणि ४:५ सारखंच म्हणते, डिस्कॅल्क्युलिया (आकडे-गणितच न उमगण्याची शिकण्यातली अडचण) असेल का?

मानेवाड्याहून एक ताई सहावीतल्या मुलीला घेऊन आल्या (ओळख कळू नये म्हणून थोडं बदललंय), म्हणाल्या मॅडम, तीसपर्यंत पाढे पाठ आहेत, भागाकार येतो, पण गुणोत्तराचा धडा आला अन् हिचं डोकंच चालेना, यूट्यूबवर पाहिलं तं डिस्कॅल्क्युलिया वाटते.

मी वही बघितली. २:३ आणि ४:५ सममूल्य, ५:७ आणि ८:१० पण सममूल्य. म्हणजे चुका वाट्टेल तशा नव्हत्या, दोन्हीकडे फरक सारखा की गुणोत्तर सारखं असा तिचा पक्का नियम होता. साहजिक आहे, लहानपणापासून कोण कितीनं जास्त हेच विचारत आलोय आपण पोरांना, कितीपट हे फार उशिरा येतं. नोल्टिंग या संशोधकानं १९८० मध्ये छापलेल्या अभ्यासात मुलांना चक्क संत्र्याचा रस आणि पाण्याच्या ग्लासांचं उदाहरण घेऊन कोणतं मिश्रण जास्त संत्र्याचं लागेल ते विचारलं होतं, नागपुरात तर हे करायलाच पाहिजे!

मग तिला विचारलं, एका भांड्यात १ कप संत्रा सिरप २ कप पाणी, दुसऱ्यात १० कप सिरप ११ कप पाणी, फरक दोन्हीकडे १, चव सारखी लागेल का? ती हसलीच, "दुसरं तं पिववणारच नाही, किती गोड!" मग पहिल्या भांड्याच्याच चवीचं १० कप सिरपचं करायला पाणी किती, तर १:२, २:४, ३:६ असं लिहीत ती स्वतःच १०:२० वर पोचली. २:३ आणि ४:५ ला मात्र अडली, मी फक्त म्हटलं दोन्हीकडे पाणी १५ कप कर, तर १०:१५ आणि १२:१५ आलं अन् ४:५ वालं जास्त गोड हे तिनंच सांगितलं.

क्लासमध्ये तिला थेट तिरकस गुणाकार शिकवलेला. २:३ आणि ४:५ ला २×५=१० आणि ३×४=१२ यायचे, पण त्यांचं पुढे काय करायचं ते कळायचं नाही. पद्धत बरोबरच आहे, पण माझ्या मते ती नंतर द्यावी.

दोन आकड्यांत मोठा कोणता, घड्याळ, सुटे पैसे, साधी बेरीज यातच मूल वर्षानुवर्षं अडत असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी जरूर करा. हिचं तसं काहीच नव्हतं, म्हणून टेस्टला पाठवलं नाही. आणखी एक ट्यूशन लावू नका म्हटल्यावर ताई जरा नाराज झाल्या, फी आधीच भरून बसल्या होत्या.