भांडण गाळू नकोस

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि स्मरणिकेतील लेखाचा कच्चा खर्डा मंगळवारी मिळाला. खर्डा मी दोनदा वाचला आणि पत्र चारदा, कारण खर्ड्यात तू कुठेच नाहीस आणि पत्रात पूर्ण आहेस. मुलांची जुनी, नामांकित शाळा, तिचे शतकोत्तर रौप्यमहोत्सवी वर्ष, सर्वांत तरुण शिक्षक म्हणून इतिहासलेखनाचे घोंगडे तुझ्या गळ्यात. आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात तुला इतिवृत्ताची जी वही सापडली तिच्यात निघाले काय, तर दोघा संस्थापकांचे बिनसले, एकाने अर्धे शिक्षक बरोबर नेले आणि पुढल्याच वर्षी मागच्या आळीत दुसरी शाळा काढली. समिती म्हणते, घरची लक्तरे वेशीवर कशाला टांगायची. आणि तू मला विचारतोस, हे काम अंगावेगळे करू का.

करू नकोस. लेख तूच लिही आणि भांडण गाळू नकोस.

हे मी ठामपणे सांगतो त्याला कारण आहे, ते पुढे येईल. आधी खर्ड्याविषयी दोन शब्द, कारण त्याने मला चीड आणली. ‘उज्ज्वल यशाची परंपरा’ हे शब्द तुझ्या चार पानांत सहा वेळा आले आहेत. ‘ज्ञानगंगा’ दोनदा वाहिली आहे. ‘संस्थापकांनी लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष’ आहेच. तो नसता तर मला चुकल्यासारखे वाटले असते. हा लेख महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेच्या स्मरणिकेत छापता येईल, फक्त गावाचे नाव बदलावे लागेल. तुझ्या शाळेचा असा त्यात एकच परिच्छेद असू शकला असता, तोच तू बाहेर ठेवला आहेस.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे उदाहरण घे. तू त्या शहरात शिकलास, त्या शाळेवरून सायकलने गेला असशील. तिचा स्मरणिकेच्या थाटाचा इतिहास चार ओळींत संपतो: विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1879 मध्ये सरकारी नोकरीचा राजीनामा दिला, 1880 च्या जानेवारीत त्यांनी, बाळ गंगाधर टिळकांनी आणि महादेव बल्लाळ नामजोशींनी शाळा काढली, वामन शिवराम आपटे आले, पुढल्या वर्षी एम. ए. होऊन गोपाळ गणेश आगरकर आले, आणि मग 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज, इति सफल संपूर्ण. यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरी ही माणसे कोण होती याचा यातून पत्ता लागत नाही.

आता तीच हकीकत भांडणांसह वाच. पहिले भांडण चिपळूणकरांचे सरकारी खात्याशी. पुण्यातील हायस्कुलातून त्यांची बदली रत्नागिरीला झाली होती. लेखणी गप्प ठेवली असती तर पगार चालू राहिला असता. ती गप्प राहिली नाही. नोकरी सोडून काढलेल्या शाळेत पहिले वर्षभर त्यांनी आणि टिळकांनी पगार घेतला नाही. दुसरे भांडण कोल्हापूरच्या कारभाऱ्यांशी. शाळेपाठोपाठ जानेवारी 1881 मध्ये केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली, त्यांत कोल्हापूरच्या छत्रपतींना दिल्या जाणाऱ्या वागणुकीवर लिहिले गेले, दिवाण बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला आणि 1882 च्या जुलैमध्ये टिळक आणि आगरकर या दोघा शिक्षकांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर बत्तिशीसुद्धा न गाठता वारले होते. म्हणजे दोन वर्षे वयाच्या शाळेचा एक संस्थापक गेलेला, दोन शिक्षक डोंगरीच्या तुरुंगात, आणि वर्ग चालू. सवलत मिळून ते 101 दिवसांनी सुटले. तुझ्या शाळेचे दोन शिक्षक उद्या तुरुंगात गेले तर तुझी समिती ‘अपरिहार्य कारणास्तव रजेवर’ असे लिहील, हे मी आजच सांगतो.

याच खटल्यातील एक गोष्ट मला फार प्रिय आहे. टिळक-आगरकरांसाठी दहा हजारांचा जामीन दिला तो रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या स्नेह्याने, फुल्यांच्याच शब्दावरून. फुल्यांवर चिपळूणकरांनी निबंधमाला या आपल्या मासिकातून किती कडवट लिहिले होते ते तुला ठाऊक आहे. भांडण गाळलेस तर या जामिनाचा अर्थच उरत नाही. तो एका धनिकाने केलेला उपकार होऊन बसतो. आणि त्याच 1882 मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेले हंटर कमिशन आले. हंटरसाहेबांनी ही विनाअनुदान शाळा पाहून देशात अशी दुसरी संस्था आपल्या पाहण्यात नाही, अशा अर्थाची प्रशस्ती दिली. ती प्रशस्ती सर्वत्र छापली जाते. पण त्याच कमिशनपुढे त्याच वर्षी फुल्यांनी निवेदन दिले होते की, रयतेच्या घामाच्या पैशावर सरकार वरच्या वर्गांना उच्च शिक्षण देते आणि शेतकऱ्याच्या पोराला प्राथमिक शाळाही मिळत नाही. एकाच गावातून, एकाच साहेबापुढे गेलेले हे दोन कागद शेजारी ठेवले की पेठेतल्या त्या नामवंत शाळेत कोणाची मुले बसत होती आणि कोणाची बसत नव्हती, ते मुद्दाम सांगावे लागत नाही.

आणि तिसरे भांडण, घरातले. तुझ्या वहीतल्या भांडणाचे थोरले भावंड म्हण. सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे सेवेला बांधलेले, महिना पंच्याहत्तर रुपये. टिळकांचे म्हणणे असे की, ज्याने हे व्रत घेतले त्याने आपला सारा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरचे काम आणि बाहेरची मिळकत करू नये, जेझुइट पाद्री राहतात तसे राहावे. इतरांचे म्हणणे, नेमून दिलेले काम चोख केल्यावर उरलेल्या वेळेचा हिशेब संस्थेने का मागावा? घरे वाढत होती. आगरकरांना दम्याने ग्रासले होते. त्यात 1887 मध्ये आगरकर केसरीतून बाहेर पडले होते, 1888 मध्ये त्यांनी सुधारक काढला होता, आणि सामाजिक सुधारणेवरून टिळक आणि आगरकर या दोघा मित्रांची आपापल्या साप्ताहिकांतून जुंपत होती. 1885 मध्ये शिक्षक म्हणून आलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे, म्हणजे बाहेरच्या एका राजकीय संस्थेचे, चिटणीसपद घेतले तेव्हा ठिणगी पडली आणि 1890 च्या अखेरीस टिळक बाहेर पडले. जाताना त्यांनी मिटल्या तोंडाने काढता पाय घेतला नाही, लांबलचक निवेदन लिहून आपली बाजू मांडली. म्हणून आज आपण त्यांच्याशीही भांडू शकतो.

यात खलपुरुष कोण? मला विचारशील तर मी आगरकर-गोखल्यांच्या बाजूचा आहे. पंच्याहत्तर रुपयांत वैराग्य मागणे सोपे आणि जगणे अवघड. पण टिळकांचे म्हणणे मला झोपेतून उठवते. शिकवणी वर्गांच्या या दिवसांत तर फारच. इतिहास लिहिणाऱ्याने निकाल द्यायचा नसतो असे तुझ्या पत्रात एक वाक्य आहे. मान्य. पण निकाल न देणे आणि खटलाच पटलावरून काढून टाकणे या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस. तू ‘काही मतभेद झाले’ असे लिहिशील, कारण समितीला तो शब्द चालेल. चहात साखर किती यावरून मतभेद होतात. संस्था फुटते ती भांडणाने. भांडणच म्हण, दोन्ही बाजू त्यांच्याच शब्दांत छाप आणि भांडण गाळू नकोस.

परंपरांविषयी तू लिहिलेला भाग त्यामानाने बरा आहे, विशेषतः गणवेश आणि स्नेहसंमेलनाचा. पण सावध राहा. आज कोणी रमणबाग शाळा, म्हणजे हीच न्यू इंग्लिश स्कूल, म्हटले की गणेशोत्सवातले ढोलपथक आठवते, आणि त्या ढोलांचा एक ठोकाही टिळकांच्या कानी पडलेला नव्हता. तसेच ‘केवळ मुलांसाठी असण्याची थोर परंपरा’ हे तुझे शब्द. मी मोठ्याने हसलो. मुलांची शाळा मुलांची राहिली ती रिवाजाने, थोर विचाराने नव्हे. न्यू इंग्लिश स्कूलच्या एका कर्त्या शिक्षकाने, आगरकरांनीच, पुढे सुधारकात मथळा दिला होता की, स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे. आणि 1884 मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली तेव्हा तिच्या अभ्यासक्रमावर टीका करण्यात मराठा पत्र पुढे होते. आता सांग, या शाळेची परंपरा कोणती? दोन्ही. ज्याला एकच हवी असेल त्याने तसबिरीला हार घालावा, लेख लिहू नये.

आता माझे कारण. तुला वाटत असेल, म्हातारा दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक चालवतो आहे. आमच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मी संपादित केली होती. शाळेचे नाव इथे लिहीत नाही. आमच्याकडे गणिताचे एक गुरुजी होते, माझ्या आधीचे. त्यांनी 1974 मध्ये नियामक मंडळातील एका वजनदार गृहस्थाच्या मुलाचे वार्षिक परीक्षेतील गुण वाढवण्यास नकार दिला. गुण दुसऱ्याकडून वाढवले गेले आणि गुरुजींनी चार पानांचे पत्र लिहून राजीनामा दिला. इतिवृत्तात नोंद झाली ‘वैयक्तिक कारणास्तव’. ते पत्र स्मरणिकेच्या कामात एका फाइलच्या तळाशी मला सापडले. मी ते छापले नाही. तेव्हा मी ज्येष्ठतेने पर्यवेक्षक होण्याच्या बेतात होतो, थोरलीचे लग्न ठरत होते, आणि ते गृहस्थ हयात होते. मी भ्यालो असे तू म्हणशील. मी आजही तसे पूर्णपणे म्हणणार नाही. एका पत्रापायी साऱ्या स्मरणिकेचे काम बंद पडले असते, तीनशे पानांत दीड-दोनशे माजी विद्यार्थ्यांचे लेख होते, ते तरी निघाले. ही सबब मी इतक्या वर्षांत इतकी घासूनपुसून ठेवली आहे की कधी कधी मलाही ती खरी वाटते.

प्रकाशनाला गुरुजींना निमंत्रण होते. ते आले, तिसऱ्या रांगेत बसले. समारंभ संपल्यावर मंडपातल्या खुर्च्या उचलल्या जात असताना त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्मरणिका डोळ्यांजवळ धरली आणि माजी शिक्षकांच्या यादीवरून बोट फिरवीत खाली आले. आपल्या नावापाशी थांबले. नावापुढे ‘1961 ते 1974’ एवढेच होते. मग स्मरणिका मिटून त्यांनी ती पिशवीत ठेवली आणि मला म्हणाले, “छपाई स्वच्छ झाली आहे.” त्यानंतर चार वर्षांनी ते गेले. मी पर्यवेक्षक झालो होतो.

म्हणून सांगतो. तुझी समिती रागावेल, रागावू दे. लेख परत करतील. तुझ्याकडे प्रत ठेव. मागच्या आळीतल्या शाळेतही जा आणि त्यांच्या पहिल्या वर्षाचे इतिवृत्त बघायला माग, कारण त्यांच्याकडे याच भांडणाची दुसरी बाजू असणार, आणि दोन्ही शाळांच्या जनरल रजिस्टरांतून त्या वर्षी इकडून तिकडे किती मुले गेली ती मोज. दाखला काढण्याचे कारण म्हणून पालकांनी काय लिहिले आहे तेही पाहा. ‘स्थलांतर’ असे लिहून मूल दोनशे पावलांवर गेलेले असेल. वही कपाटात परत ठेवण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घे. अशा वह्या स्मरणिकेच्या वर्षीच गहाळ होतात. आणि ‘ज्ञानगंगा’ कृपा करून काढ.

गुरुजींचे ते पत्र फाइलमध्ये परत गेले नाही; ते माझ्याकडे आहे, असायला नको होते. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तुझ्या शाळेशी त्याचा संबंध नाही, पण राजीनामा कसा लिहितात ते तुला कळेल. अक्षर बारीक आहे, भिंग घेऊन वाच. तिसऱ्या पानाची घडी फाटून एक ओळ गेली आहे. तिथे पेन्सिलीने लिहिलेले शब्द त्यांचे नाहीत, माझे आहेत.

तुझा,
जुना सर