वहीतली एक ओळ

प्रिय,

पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याचे पेढे पोचले. आता थोडं कामाचं.

पहिले सहा महिने तुझ्या हातून काही धड होणार नाही. प्रथिनं वेगळी करायचं जेल फाटेल, त्यावरून घेतलेला ब्लॉट (प्रथिनांचा ठसा) कोरा येईल. येऊ दे. कोरा आला तर वहीत 'कोरा' असंच लिही.

माझंच सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्या पेशी सावकाश वाढायला लागल्या. मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचा द्रव, स्वच्छ, मायक्रोस्कोपखाली काही दिसेना. इन्क्युबेटरला शिव्या घालत मी चार महिने तसेच प्रयोग रेटले. निघाला मायकोप्लाझ्मा, पेशींत शिरलेला एक अतिसूक्ष्म जीवाणू! त्याने मीडिया गढूळ होत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन त्याचं काही वाकडं करू शकत नाही. चार महिने पाण्यात गेले. आधीचं वर्ष वाचलं ते वहीतल्या एका ओळीमुळे: शेजारच्या लॅबमधून पेशींची नवी व्हायल (कुपी) आणल्याची तारीख आणि पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात हलवल्या तो आकडा. त्या तारखेआधी गोठवलेल्या पेशी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या.

आता दुसरी बाजू. 'बॉम्बे' रक्तगट तुला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो 'लॅन्सेट'मध्ये मांडला. तपासताना रक्त 'ओ' गटाचं वाटे, पण 'ओ'च्याच रक्ताशी जुळवलं की गुठळ्या होत. 'ओ'च्या रक्तपेशींवर असणारा एच अँटिजन नावाचा घटकच त्या माणसांत नव्हता, उलट त्याविरुद्धच्या अँटिबॉडी होत्या. 'सिरम खराब असेल' म्हणून बाटली बदलून मोकळं होणं किती सोपं! मी तर नक्की झाले असते.

माझी घाण आणि त्यांचा शोध, पहिल्या दिवशी दोन्ही सारखंच दिसतं. कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, सोबत लावून पुन्हा पुन्हा केल्यावरच फरक कळतो. म्हणून गाईडसमोर जाताना फक्त सुंदर जेल नेऊ नकोस, फसलेलंही ने. ते बघून चिडणारा गाईड असेल तर सीनिअर्सकडून आधीच कळेल. लॅब निवडण्याआधी त्यांना गाठ, कॅन्टीनमध्ये, एकेकटं.

पैशांचं थोडक्यात: जेआरएफचे (संशोधन शिष्यवृत्तीचे) महिना ३७,००० रुपये कागदावर बरे दिसतात, पण कधी कधी ते महिनोन् महिने अडकतात. खोलीचं भाडं मात्र अडकत नाही. तीन महिन्यांचं बाजूला ठेव, कमी पडलं तर मला सांग. आईला नको, ती उगाच काळजी करेल.

आणि ट्यूबवर साध्या मार्करने लिहू नकोस, इथेनॉलचा बोळा फिरला की नाव गायब. गणपतीत दादरला येशील तेव्हा वही आण. मोदक वही बघून झाल्यावर.

तुझी मावशी