चुकलेला प्रयोग तसाच राहू दे

प्रिय मित्रा,

लंबकाच्या, म्हणजे दोरीला टांगून झुलवलेल्या दगडाच्या, तासाबद्दल तू कळवलंस. झोक्याला लागणारा वेळ वजनावर नाही, लंबकाच्या लांबीवर ठरतो, हे मुलांना दिसायला हवं होतं. 'मुलांचा प्रयोग चुकला, म्हणून शेवटी सूत्र फळ्यावर लिहून दिलं,' हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

मोठा दगड हळू हलतो असं मुलांना दिसलं ना? मग त्यांनी बरोबरच पाहिलं. दोरी दोन्हीकडे २५ सेंटीमीटरच होती, पण लंबकाची लांबी गाठीपर्यंत मोजत नाहीत, दगडाच्या मध्यापर्यंत धरतात. लहान खड्याचा मध्य गाठीखाली १ सेंटीमीटरवर आणि मोठ्याचा ५ वर असेल, तर १० झोक्यांत (एक झोका म्हणजे जाऊन परत येणं) पाऊण सेकंदाचा फरक पडतो. स्टॉपवॉचवर तो सहज दिसतो.

त्यामुळे 'वजनामुळे हळू होतो' हा त्यांचा अंदाज लगेच खोडू नकोस. दुसऱ्या दिवशी एवढंच विचार: 'फक्त वजन बदलायचं, बाकी काही बदलायचं नाही, हे कसं जमवाल?' थोडा वेळ कुणी बोलणार नाही. ती शांतता सोसायला शीक. मला ती सगळ्यात अवघड गेली होती. मग कुणीतरी एकाच आकाराचे दोन गोळे मागेल, एक लाकडी, एक लोखंडी.

सगळंच मुलांनी शोधून काढावं असा हट्ट मात्र धरू नकोस. नावं, एककं, झोका लहान ठेवायचा, हे सरळ सांगून टाक. पण एका गटाचे आकडे दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी आले, तर गप्प राहा. गोळा सोडतानाच 'एक' म्हटलं की दहाऐवजी नऊच झोके मोजले जातात. 'शून्य'पासून मोजायला हवं, हे ती दोन्ही गटांची मुलं आपसात भांडून ठरवतील, आणि मग कधीच विसरणार नाहीत.

यानंतर लांबीकडे वळ. एक मीटरच्या लंबकाला १० झोक्यांना सुमारे २० सेकंद लागतात. १० सेकंदांत व्हायचे तर लांबी किती? सगळे ५० सेंटीमीटर म्हणतील. करून पाहतील तेव्हा १४ सेकंद येतील. वर्गमूळाचं नाव तेव्हा काढूच नकोस, ते पुढच्या इयत्तेत येऊ दे. लांबी कमी करत करत मुलं २५ पर्यंत पोचली, की त्यांना आलेख काढायला लाव, बस.

पुढच्या तासाला दोरी आणि कात्री त्यांच्याच हातात दे. आकडे काय आले ते मला कळव, चुकलेले आधी.

सस्नेह,
तुझा जुना सहकारी