‘मूलनिवासी जनांचा आत्मनिर्णय’ मराठीत चालेल का?

प्रश्न इंदूरहून आला आहे. ९ ऑगस्टच्या, म्हणजे आदिवासी दिनाच्या कार्यक्रमाचे हिंदी पत्रक तिथल्या मराठी मंडळींसाठी मराठीत करायचे आहे. दोन वाक्यांवर गाडी अडली आहे. पहिले, ‘मूलनिवासी जनों को आत्मनिर्णय का अधिकार है।’ दुसरे, ‘उनकी स्वतंत्र, पूर्व और सूचित सहमति के बिना उन्हें हटाया नहीं जा सकता।’ कच्च्या मसुद्यात ती अशी उतरली आहेत : ‘मूलनिवासी जनांना आत्मनिर्णयाचा अधिकार आहे’ आणि ‘त्यांच्या स्वतंत्र, पूर्वसूचित सहमतीशिवाय त्यांना हटवता येणार नाही.’ सगळे शब्द मराठीत आहेतच, मग वाचताना काहीतरी खटकते ते काय, असे विचारले आहे.

खटकते ते हेच, की शब्द मराठीत आहेत पण दुसऱ्या अर्थाने. लिपी एक, तत्सम शब्द सामाईक, त्यामुळे माळव्यातल्या मराठीत हिंदी शब्द पाहुण्यासारखा न येता घरच्यासारखा आत शिरतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

पत्रकातली दोन्ही वाक्ये संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यावरून घेतली आहेत. त्यातल्या इंग्रजी ‘इंडिजिनस’साठी हिंदीने ‘मूलनिवासी’ घेतला, तेव्हा ‘मूलनिवासी’पासून सुरुवात करू. इंदुरात हा शब्द ऐकल्यावर निम्म्या लोकांना लोकसेवा केंद्राची खिडकी आठवेल. मूल निवासी प्रमाण पत्र म्हणजे महाराष्ट्रात ज्याला अधिवास दाखला म्हणतात तो. तीन पिढ्यांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या कुटुंबालाही तो मिळतो. महाराष्ट्रात ‘मूलनिवासी’ला आणखी वेगळा रंग आहे. तिथे बहुजन चळवळीच्या राजकारणात तो फार व्यापक अर्थाने वापरतात, फक्त आदिवासींपुरता नाही. ‘स्वदेशी लोक’ हा यंत्रानुवादाचा लाडका पर्याय तर नकोच. स्वदेशी कापड असते, माणसे नव्हेत. ‘वनवासी’ शब्दाला राजकीय बाजू आहे, शिवाय तो चुकीचाही आहे. जंगलात राहणे ही या हक्काची अट नाही. ‘अनुसूचित जमाती’ हा आपल्या राज्यघटनेतला वर्ग आहे. ३४२व्या अनुच्छेदाखाली काढलेल्या यादीत नाव असणे ही त्याची कसोटी. न्यूझीलंडचे माओरी किंवा उत्तर युरोपातले सामी त्यात कसे बसवणार?

उरतो ‘आदिवासी’. तोच घ्यावा. ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत त्यांनी स्वतःसाठी उचललेला शब्द आहे. आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांनी संविधान सभेत याच शब्दाचा आग्रह धरला होता. फक्त एक ध्यानात असू द्या, ‘इंडिजिनस’चे हे भाषांतर भारत सरकारला मान्य नाही. सरकारची जुनी भूमिका अशी की भारतातले सगळेच लोक इथले मूळचे, त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्यातली ही संज्ञा इथे एकाच गटाला लावता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याने या संज्ञेची व्याख्याच केलेली नाही, म्हणून वादाला जागा राहते. तेव्हा ‘आदिवासी’ लिहिताना तुम्ही नुसते भाषांतर करत नाही, एक बाजू घेता. माझ्या मते घ्यावी.

आता ‘जन’. मराठीत जन म्हणजे चारचौघे. ‘जनाची नाही तर मनाची’ म्हणतो तेव्हा जन म्हणजे आपल्याकडे बघणारे बाकीचे लोक. ‘मूलनिवासी जन’ कानाला हिंदीच लागते. पण त्याऐवजी नुसते ‘लोक’ लिहिले तरी काम भागत नाही, आणि इथेच खरी मेख आहे. इंग्रजीत ‘पीपल’ आणि ‘पीपल्स’ या दोन शब्दांत एका ‘स’चा फरक. त्या ‘स’साठी जिनिव्हात आणि न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षे भांडण चालले. ‘पीपल’ म्हणजे सुटी सुटी माणसे. ‘पीपल्स’ म्हणजे स्वतःची ओळख असलेले वेगवेगळे समूह. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत आणि १९६६च्या दोन्ही मानवी हक्क करारांच्या पहिल्या अनुच्छेदात स्वयंनिर्णयाचा हक्क ‘पीपल्स’ना दिला आहे. म्हणजे ‘स’ मान्य केला की तो हक्क मागून येतो, ही सरकारांची धास्ती. म्हणून १९९३चे आंतरराष्ट्रीय आदिवासी वर्ष ‘स’शिवाय साजरे झाले. २०००मध्ये संयुक्त राष्ट्रांचा आदिवासींसाठीचा स्थायी मंच स्थापन झाला तेव्हा त्याच्या नावातून माणसेच वगळली आणि ‘आदिवासी प्रश्नांचा मंच’ असे ठेवले! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८९च्या १६९व्या करारात ‘स’ आला, पण सोबत तळटीपेसारखे कलमही आले, की या शब्दामुळे आंतरराष्ट्रीय कायद्यातले हक्क लागू होतात असे समजू नये. (भारताने १९५७चा १०७वा करार १९५८मध्ये स्वीकारला, १६९वा आजवर स्वीकारलेला नाही.) शेवटी १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा जाहीरनामा संमत केला तेव्हा ‘स’ शीर्षकातच बसला. बाजूने १४४, विरोधात ४, तटस्थ ११. विरोधात ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, अमेरिका. २०१० संपेपर्यंत या चौघांनीही भूमिका बदलली.

मराठी ‘लोक’ला हा ‘स’ लावायची सोयच नाही. या अर्थाने तो कायम अनेकवचनी, ‘एक लोक’ कोणी म्हणत नाही. ‘आदिवासी लोकांचे हक्क’ वाचून माणूस एकेका माणसाचे हक्क समजतो. म्हणून ‘लोकसमूह’. थोडा जड आहे, कबूल. पण अनेकवचनात ‘लोकसमूहांना’ म्हटले की भांडण ज्याच्यासाठी होते ते मराठीत येते. ‘आदिवासी समाज’ही चालेल, मात्र एकवचनात लिहिल्यास भील, बारेला, गोंड सगळे एका पोत्यात जातात.

‘आत्मनिर्णय’ चूक नाही, पण मराठीत या अर्थी रुळलेला शब्द ‘स्वयंनिर्णय’. १९१८च्या दिल्ली काँग्रेसने भारतासाठी हीच मागणी केली होती. ‘स्वनिर्णय’ टाळा, तो एखाद्याने आपल्या मनाने घेतलेला निर्णय वाटतो. आणि ‘स्वायत्तता’ हा पर्यायी शब्द म्हणून वापरू नका. जाहीरनाम्याच्या तिसऱ्या अनुच्छेदात स्वयंनिर्णय आहे, चौथ्यात स्वायत्तता किंवा स्वशासन, आणि तेही अंतर्गत व स्थानिक कारभारापुरते. पहिला हक्क, दुसरी तो बजावण्याची रीत. फुटून निघणे त्यात येत नाही. ४६व्या अनुच्छेदाने देशाची अखंडता आधीच राखून ठेवली आहे. तरीही भारताने १९७९मध्ये १९६६चे ते दोन मानवी हक्क करार स्वीकारतानाच नोंदवून ठेवले होते, की हा हक्क परकी सत्तेखालच्या लोकांना आहे, सार्वभौम देशातल्या एखाद्या गटाला नाही.

‘अधिकार’ की ‘हक्क’? हिंदीत दोन्हीकडे अधिकार. मराठीत कलेक्टरला अधिकार असतात, माणसाला हक्क. ‘माहितीचा अधिकार’ने ही सीमा पुसट केली हे खरे, पण इथे ‘हक्क’च बरा. तिकडे ‘वन अधिकार’, महाराष्ट्रात ‘वनहक्क’, तसेच हे.

दुसरे वाक्य मात्र अर्थाचा अनर्थ करते. हिंदी ‘सूचित’ म्हणजे ज्याला माहिती दिली आहे. मराठी ‘सूचित’ म्हणजे आडून सुचवलेले. त्यामुळे ‘सूचित संमती’ मराठीत वाचली तर अर्थ होतो न बोलता गृहीत धरलेली संमती. गावाने विरोध केला नाही, बैठकीला माणसे आली, हजेरीच्या वहीवर अंगठे उमटले, म्हणजे संमती झाली असे धरणे. आणि नेमके हेच होऊ नये म्हणून तर हा शब्दप्रयोग घडवला आहे. ‘पूर्वसूचित’ केल्याने दुसरी अडचण होते. ‘पूर्व’ आणि ‘सूचित’ या दोन स्वतंत्र अटी चिकटून एक होतात आणि ‘आधी नोटीस दिली होती’ एवढेच हाती राहते. नोटीस दिली म्हणजे संमती मिळाली असे नाही. जाहीरनाम्याच्या ३२व्या अनुच्छेदाप्रमाणे ‘आधी’ म्हणजे प्रकल्पाला मंजुरी देण्याच्या आधी, बुलडोझर येण्याच्या आधी नव्हे. आणि विचारायचे ते समूहाच्या स्वतःच्या प्रातिनिधिक संस्थांना.

‘सहमती’ म्हणजे मराठीत एकमत, चर्चेअंती जुळलेले सूर. कायद्याचा होकार तो ‘संमती’. शस्त्रक्रियेआधी आपण संमतिपत्रावरच सही करतो. याच पंगतीतला ‘परामर्श’ही पत्रकात पुढे कुठे आला असेल तर तपासा. हिंदीत तो सल्लामसलत, मराठीत ‘परामर्श घेणे’ म्हणजे आढावा घेणे. सल्लामसलत आणि संमती यांत कायद्याने मोठे अंतर आहे. १९९६च्या पेसा कायद्यात, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्यात, तिथली जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी फक्त सल्लामसलत सांगितली आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या ४१व्या कलमात मात्र पूर्वसंमती आली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ओडिशातल्या ग्रामसभांपुढे ठेवायला लावला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. सल्लामसलतीत ‘नाही’ ऐकून घेता येते. संमतीत ते ऐकावेच लागते.

‘हटवता येणार नाही’मध्येही घोळ आहे. अतिक्रमण हटवतात, माणसांना हुसकावतात. जाहीरनाम्याच्या दहाव्या अनुच्छेदात मुळात दोन वाक्ये आहेत. जबरदस्तीने हुसकावण्याला बंदी आहे, तिथे संमतीचा प्रश्नच येत नाही. संमती लागते ती दुसरीकडे वसवण्याला, आणि त्यासोबत न्याय्य भरपाईवर एकमत व्हावे लागते, शक्य असेल तर परत येण्याची मुभाही. हिंदी पत्रकानेच ही दोन वाक्ये एकात कोंबली आहेत, तेव्हा मराठीत सुटी करा :

‘आदिवासी लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे. त्यांना त्यांच्या जमिनीवरून जबरदस्तीने हुसकावता येणार नाही. दुसरीकडे वसवायचे असेल तर त्याआधी, सगळी माहिती त्यांच्यापुढे ठेवून आणि कसलेही दडपण न आणता, त्यांची संमती घ्यावी लागेल.’

बॅनरवर एवढी जागा नसेल तर ‘मोकळी, आधी घेतलेली, जाणती संमती’ लिहा. ‘आधी घेतलेली’ऐवजी ‘आगाऊ’ सुचेल, पण तो मोह आवरा. आगाऊ रक्कम ठीक, आगाऊ संमती वाचून लोक हसतील.